गुरुवार चारची खुर्ची

त्यांच्या खोलीत एकोणतीस खुर्च्या होत्या आणि त्यातल्या एकीवरही बसायची मला परवानगी नव्हती.

पहिल्यांदा गेले तेव्हा सवयीने जवळची ओढली. लाकडी, एक हात तुटलेली. "ती बुधवार सहाची आहे," त्या म्हणाल्या. मी दुसरीकडे वळले. "ती शनिवार अकराची." मग मी उभी राहिले. पुढची दोन वर्षं त्या खोलीत मी उभीच राहिले, नाहीतर बाहेर जिन्यावर बसले.

शहराच्या गुढियारी भागात मालधक्क्याच्या मागच्या रस्त्याला, बारदान्याच्या गोदामावर ही खोली. खाली रिकाम्या पोत्यांच्या थप्प्या, वर हवेत तागाचे तंतू. यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळले की धक्का भिंतीतून वर यायचा आणि एकोणतीस रिकाम्या खुर्च्या एकदम, अगदी थोड्या, हलायच्या. बसलेल्या माणसाने मांडी बदलावी तितक्याच. मी विज्ञानाची पदवीधर आहे. अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं लिहिली आहेत आणि चौकात उभं राहून वाटली आहेत. तरी सांगते, त्या खोलीत मी एकटी कधी थांबले नाही.

त्यांना सगळे मॅडम म्हणायचे. त्यांचं नाव मी लिहिणार नाही, कारण नावांवर त्यांचा राग होता. "नाव घेतलं की पोट्ट्यासोबत त्याचा आजा, काका, मामा, सगळे खोलीत येऊन बसतात," त्या म्हणायच्या. "इतक्या खुर्च्या माझ्याजवळ नाहीत." म्हणून त्यांच्याकडे येणारी मुलं वाराने आणि वेळेने ओळखली जायची. "मंगळवार साडेपाच आज हसला." "शनिवार अकराला झोप लागून राहिली आता." चौदा ते चोवीस वयाची मुलं. त्याच्या वर नाही, खाली नाही. आलेलं मूल पहिल्या दिवशी आपली खुर्ची निवडायचं किंवा घरून आणायचं, आणि मग ती खुर्ची त्याची. त्यावर दुसरं कोणी बसायचं नाही. मूल बरं होऊन यायचं थांबलं की खुर्ची परत न्यायची. न्यायला कोणी आलंच नाही अशा तीन खुर्च्या वेगळ्या, खाली गोदामात भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या होत्या. त्या कोणाच्या, हे मी एकदाच विचारलं. मॅडम माझ्या डाव्या कानाच्या जरा वर बघत राहिल्या. बघायची त्यांची हीच पद्धत होती. समोरच्याला वाटायचं, आपल्या मागे कोणी येऊन उभं राहिलं आहे.

मुलांना त्या "तुम्ही" म्हणायच्या. मला "तू".

माझं वय तेव्हा तेवीस. आमच्या संघटनेची मागणी साधी होती. राज्य नवं, राजधानी नवी, मंत्रालय नवं, रस्ते सहा पदरी. मग सोळा वर्षांच्या पोरीचा श्वास वर्गात बसल्या-बसल्या अडकू लागला तर तिने जायचं कुठे? प्रत्येक शाळेत एक समुपदेशक द्या. तोवर झाडफूंक करणाऱ्यांची आणि उपचाराच्या नावाखाली दुकानं मांडून बसलेल्यांची यादी आम्ही करत होतो. मॅडम त्या यादीत होत्या. कोणी तरी सांगितलं होतं की गुढियारीत एक बाई रिकाम्या खुर्च्यांशी बोलते.

म्हणून मी त्यांच्या मागावर राहिले. एका मंगळवारी त्या एका कॉलेजच्या मुलासोबत बसमध्ये चढल्या. मी स्कूटीवर मागे. बस नव्या राजधानीकडे गेली. तेव्हा तिथे रस्ते होते, चौक होते, रस्त्यांच्या मधोमध फुलझाडं होती. माणसं नव्हती. ऊन असतानाच ओळीने दिवे लागलेले. दारं न बसवलेल्या इमारतींतून वारा आरपार जात होता. दोघं उतरले आणि रस्त्याच्या मधून चालू लागले. मुलगा पुढे, मॅडम दहा पावलं मागे. मुलगा बोलत होता, मोठ्याने, हातवारे करून, मध्येच ओरडत होता. मागे एकदाही बघत नव्हता. मॅडम मान खाली घालून चालत होत्या, आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की त्या त्याच्याच पावलांनी चालत आहेत. तो डावा पाय जरा ओढायचा, त्याही ओढत होत्या. तो थांबला की त्याच क्षणी त्याही थांबायच्या, वर न बघता. मी इंजिन चालू ठेवूनच खूप मागे उभी होते.

"गाडी बंद कर," मॅडम मागे न वळता म्हणाल्या. आवाज वाढवला नव्हता, तरी मला नीट ऐकू आला. "पेट्रोल जळून राहिलं."

दुसऱ्या दिवशी मी भांडायलाच गेले. तेव्हा त्यांनी पत्र्याच्या पेटीतून मानसशास्त्राची पदवी काढून दाखवली, नागपूरची, कडा वाळवीने खाल्लेली. एका दवाखान्यात आठ वर्षं नोकरी केली होती. ती सोडली कशी, तेही सांगितलं. तिथे सगळ्या मुलांसाठी एकच छापील कागद आला होता: होय, नाही, कधीकधी. "एका पोट्ट्याने सगळीकडे कधीकधीवर खूण केली. मी म्हटलं, काहून रे बाबा? तर म्हणे, मॅडम, तुम्हाले वाईट वाटू नये म्हणून. मी त्याच दिवशी निघाली."

"आमच्या संघटनेनेही तसाच फॉर्म तयार केला आहे," मी म्हटलं. "शास्त्रीय आहे तो."

"असंन," त्या म्हणाल्या. "पण त्याले पाय ओढायला येते का?"

त्यांचं काम असंच होतं. एकासाठी जे केलं ते दुसऱ्यासाठी नाही. मंगळवार साडेपाचला डोक्यावर छप्पर असलं की जीभ उचलत नसे, म्हणून त्याला उघड्यावर नेलं. एक मुलगी मॅडमनी पाठ फिरवली तरच बोलायची. मॅडम तासभर भिंतीकडे तोंड करून बसायच्या. शनिवार अकरा काहीच बोलत नसे, तो खालून एक पोतं आणून उसवायचा, आणि मॅडम त्याच पोत्याच्या दुसऱ्या टोकाने उसवायला बसायच्या. सुताच्या मध्यावर दोघं भेटले की तास संपला. औषधाची गरज वाटली तर त्या मुलाला स्वतः डॉक्टरकडे घेऊन जायच्या आणि बाहेर बसून राहायच्या. पण तास चुकवला नाही. तास आपला नाही, पोट्ट्यांचा आहे, असं त्या सांगायच्या. मूल नाही आलं तरी तास त्याचाच. म्हणून मूल आलं नाही तर मॅडम त्या खुर्चीसमोर पूर्ण तास बसायच्या आणि बोलायच्या. प्रश्न विचारायच्या, उत्तराला लागेल तितकं थांबायच्या, मान हलवायच्या. शेजाऱ्यांनी जे पाहिलं होतं ते हे. मला हे पटलं का? नाही. पण यादीतून नाव मी काढलं. आणि मग माझ्या हातून जे झालं ते झालं.

त्या पोरीचं नावही लिहिणार नाही. एकदा न लिहूनच मी ते सगळ्यांना सांगून बसले आहे.

शाळेच्या फाटकावर आमची सभा झाली. त्यानंतर एक बाई माझ्या मागे मागे चालत आल्या. विदर्भातल्या, बोलण्यावरून कळलं. नवरा पंडरीच्या बाजारात कापडाच्या दुकानात माप घ्यायचा. "दीदी, माही पोट्टी बोलतच नाही हो. बारावीत आहे. घरात पाणी पाहिजे तरी तोंडाने मागत नाही. गिलास वाजवते. असा, बोटाने, टिक टिक. तिचे बाबा झाडफूंकवाल्याकडे घेऊन गेले. एकदा नाही, सात वेळा गेले." त्याच आठवड्यात मी पोरीला मॅडमकडे घेऊन गेले. पोरीने हिरव्या वायरने विणलेली लोखंडी खुर्ची निवडली आणि ती गुरुवार चार झाली. पाच-सहा आठवड्यांनी ती जिना उतरताना मला म्हणाली, "दीदी, आपकी चप्पल उलटी है." तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मला रडू आलं होतं, हे कबूल करते.

आणि घरी जाऊन मी पत्रक लिहिलं.

पत्रक चांगलं होतं. आजवरचं सगळ्यात चांगलं. मथळा हिंदीत, ठसठशीत: बेटी को ओझा नहीं, इलाज दो. ओझा म्हणजे झाडफूंकवाला. पोरीचं नाव घातलं नाही. पारा, म्हणजे मोहल्ला, बदलला, इयत्ता बदलली, बापाचा धंदा बदलला. गिलास मात्र ठेवला, कारण गिलास काढला की पत्रकात जीव राहत नव्हता. "वह लड़की जो गिलास बजाकर पानी माँगती थी." संघटनेत सगळ्यांनी पाठ थोपटली. गठ्ठे छापले. पंडरीत वाटले, गुढियारीत वाटले, शाळांवर वाटले.

एक मी मॅडमना द्यायला गेले, अभिमानाने. त्यांनी उभ्या-उभ्या वाचलं. पुन्हा वाचलं.

"गिलास काहून ठेवला?"

"नाव कुठेच नाहीये, मॅडम."

"मी नाव विचारलं का?"

मी भाषण सुरू केलं. समाजाला कळलं पाहिजे. झाकून ठेवल्यानेच हे होतं. एका मुलीच्या गोष्टीने शंभर मुली वाचतील. मॅडम माझ्या कानाच्या वर बघत होत्या.

"शंभर माह्याकडे येत नाहीत," त्या म्हणाल्या. "एक येते. जा, परत गोळा कर."

पत्रकं परत गोळा होत नसतात, हे मला त्या दिवशी समजलं.

पुढचं तिच्या आईने सांगितलं. सकाळी पोरगी शाळेत निघाली तर एका घरातून टिक टिक आवाज आला. कोणी तरी खिडकीत स्टीलचा गिलास बोटाने वाजवत होतं. समोरच्या घरातूनही आला. शाळेतून परतली तेव्हा गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत दोन्ही बाजूंनी. कोणी दिसत नव्हतं, कोणी हसत नव्हतं, कोणी नाव घेत नव्हतं. नुसते गिलास. "दीदी, संध्याकाळपर्यंत पूर्ण पारा वाजून राहिला होता," आई म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी बापाने पोरीला अभनपूरला, स्वतःच्या बहिणीकडे नेऊन ठेवलं. शाळा बंद. मोबाइल काढून घेतला. आणि मॅडमचं नाव घरात काढायचं नाही, असं बायकोला बजावलं. त्याच्या मते हे सगळं तिथूनच बाहेर पडलं होतं.

गुरुवारी मी माफी मागायला गेले. चारला पाच मिनिटं होती. दाराऐवजी तिथे अर्धवट ओढलेला पडदा होता. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबले. आत हिरव्या खुर्चीशेजारी स्टुलावर पाण्याचा गिलास ठेवलेला. मॅडमनी तो दोन्ही हातांनी टेकवला, जरासाही आवाज न करता. मग समोर बसल्या.

"या," त्या म्हणाल्या. "आज गरम आहे. पंखा लावू का?" थांबल्या. "नको? बरं."

तासभर असं चाललं. मी प्रश्न लिहून काढत नाही; ते माझे नाहीत. पण त्यांचं थांबणं सांगते. ते सारख्या लांबीचं नव्हतं. एका प्रश्नानंतर दोन क्षण, दुसऱ्यानंतर इतका वेळ की खाली पोत्यांची एक पूर्ण गाडी भरून गेली. मध्येच त्यांनी ऐकू न आल्यासारखं डोकं पुढे केलं. मध्येच म्हणाल्या, "हे मागच्या वेळी सांगितलं नव्हतं तुम्ही." पाच वाजत आले तसा त्यांचा आवाज बदलला, सरळ झाला, दुकानात माप सांगावं तसा.

"पुढच्या गुरुवारी चार वाजेपर्यंत. त्याच्या पुढचं मी विचारत नाही. तोपर्यंत तुम्ही जिवाले काही करणार नाही. कबूल?"

त्या थांबल्या. खूप वेळ थांबल्या. यार्डात डबे आदळले, खुर्च्या हलल्या, गिलासातलं पाणी हललं.

"बरं," मॅडम म्हणाल्या आणि उठल्या.

ती पोरगी आठ-आठ दिवसांच्या वचनावर जगत होती. दर गुरुवारी ती मॅडमना एक आठवडा देत होती, आणि पुढच्या गुरुवारी नवा. माझ्या एका ओळीने तिला त्या खोलीपासून तोडलं होतं, आणि तिने दिलेला शेवटचा आठवडा आज, चार वाजता संपला होता.

मॅडम पडदा सारून बाहेर आल्या. "ऐकलं?"

"हो."

"मग आता याचाही पर्चा काढ."

मी म्हटलं, उद्याच अभनपूरला जाते. कार्यकर्ते घेते, पोलिसांत अर्ज देते, आत्याच्या घरासमोर बसते.

"किती जण?"

"पाच-सहा."

"ढोल पण घे," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे अभनपूरलाही माहीत होते."

मी गेले नाही. पण दर गुरुवारी जिन्यावर जाऊन बसू लागले. मॅडमनी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. गिलास भरून ठेवला जायचा, पाच वाजता भरलेलाच असायचा. मी मुद्दाम बघितला आहे, प्रत्येक वेळी. पोरीच्या आईला मी फोन करायची. ती एवढंच सांगायची: "आहे. भात खाते. बोलत नाही." आहे, हा शब्द ऐकला की मी फोन ठेवायची.

या काळात मॅडमनी आणखी एक विचित्र गोष्ट सुरू केली. खुर्च्यांना खोळी शिवायला लागल्या. दर आठवड्याला एका खुर्चीवर नवी खोळ, अस्तराच्या कापडाची. करडी, फिकट पिवळी, पांढरी. एकेक खुर्ची कापडात झाकली जाऊ लागली, आणि खोली माणसं गावाला गेलेल्या घरासारखी दिसू लागली. मी शेवटी चिडले.

"पोरगी तिकडे आहे आणि तुम्ही खोळी शिवून राहिल्या?"

"हव," मॅडम म्हणाल्या, आणि दात लावून दोरा तोडला.

एक गुरुवार राहिला सांगायचा. नववा किंवा दहावा असेल. पाच वाजले आणि मॅडम उठल्या नाहीत. वचनही विचारलं नाही. नुसत्या बसून राहिल्या, हात मांडीवर, डोळे खुर्चीवर. सव्वापाच. गुरुवार साडेपाचचा मुलगा आला, चष्मेवाला, माझ्या खालच्या पायरीवर बसला. "दीदी, आज मॅडम को क्या हुआ?" मला काय माहीत? जी बाई एकाचं एक मिनिट दुसऱ्याला देत नसे, ती त्याचा तास खात होती. पावणेसहा. आत कपाळ पुसणारा हात दिसला. मग सहाच्या सुमारास त्यांनी खुर्ची उचलून खिडकीकडे जराशी वळवली आणि म्हणाल्या, "असू द्या. तिकडे बघून बोला." थोडा वेळ गेला. मग तेच: पुढच्या गुरुवारी चार वाजेपर्यंत, कबूल? आणि लगेच, जवळजवळ तोंडातून शब्द पुरा व्हायच्या आत, "बरं."

बाहेर आल्या तेव्हा ब्लाउज पाठीला चिकटला होता. साडेपाचच्या मुलाला म्हणाल्या, "तुमचा अर्धा तास माह्याकडे राहिला. माफ करा." तो अर्धा तास त्यांनी त्याला दिलाच, नंतर.

सतराव्या गुरुवारी साडेतीनला जिन्याखाली चपलांचा आवाज आला. दोन जोड. पुढे बाप होता. मी त्याला आधी पंडरीच्या दुकानात लांबून पाहिलं होतं, गळ्यात टेप टाकलेला. मागे ती. केस कापलेले, गळ्यापर्यंत गुंडाळलेली ओढणी. माझ्याकडे बघून बापाने नजर खाली घातली. मी उठून उभी राहिले. मला वाटलं हा आता मारणार, आणि मारावं असंही वाटलं.

"मॅडम आहेत का?" त्याने विचारलं.

"आहेत. चारला."

तो पायरीवर टेकला. हातात टोपी होती, ती उलटीपालटी करत बोलत राहिला, माझ्याशी नाही, टोपीशी. मॅडम दर सोमवारी दुकानात यायच्या. गादीवर बसायच्या, अस्तर दाखवा म्हणायच्या. एक मीटर, कधी दीड. पोरीचं नाव नाही, काही नाही. तो चिडून होता, मालकासमोर बोलता येत नव्हतं, म्हणून फाडून द्यायचा. असं किती आठवडे. "मागच्या सोमवारी मी म्हटलं, मॅडम, इतकं अस्तर लागते तरी कायले? तर म्हणे, खुर्च्यांना. मी म्हटलं, किती आहेत बाप्पा खुर्च्या? तर म्हणे, एकोणतीस. अठ्ठावीसवर पोट्टे बसते." त्याने टोपी मांडीवर ठेवली. "बस, इतकंच. पुडी घेऊन निघून गेल्या. मी दिवसभर माप चुकवून राहिलो."

पोरगी तोवर भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्याजवळ गेले. माफी मागायची होती. चार महिने पाठ केली होती ती माफी, परिच्छेद पाडून. तोंडातून एकच वाक्य निघालं.

"माझ्यामुळे झालं."

"हाँ," ती म्हणाली. तिचा आवाज घोगरा होता, न वापरलेला. मग म्हणाली, "मॅडम उस दिन रुके थे ना? एक गुरुवार."

"कोणता?"

"लड़केवाले आए थे बुआ के घर. दर गुरुवारसारखं मले मागच्या अंगणात जायला भेटलंच नाही. चार बज गए, पाँच बज गए. सहा वाजता गेली मी. कुएँ के पास बैठके बोली." ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मले माहीत होतं, थांबतील."

माझ्याकडे याला उत्तरं आहेत. सवयीचा तास शरीर विसरत नाही, ती चारला रोजच तिथे जात असेल, मॅडमना पोरीच्या आईने पाहुण्यांचं आधी सांगितलं असेल. आईला मी नंतर विचारलं. आईलाच पाहुण्यांचं शुक्रवारी कळलं होतं. बाकीची उत्तरं मी अजून तपासत असते.

चार वाजले. पडदा हलला. मॅडम दारात आल्या, बापाकडे बघितलं नाही, माझ्याकडे नाही. "या," त्या म्हणाल्या, जसं मागच्याच आठवड्यात भेटल्या होत्या. पोरगी आत गेली. आत शिरताना वळली आणि मला म्हणाली, "दीदी, आप नीचे जाओ."

सतरा गुरुवार मी त्या पायरीवर बसले होते. ती कोणी मला दिली नव्हती.

मी उठले. बाप बसूनच होता, मान पडद्याकडे लावून. "तुम्हीही चला," मी म्हटलं.

"मी बाप आहे तिचा."

"म्हणूनच."

त्याने टोपी घातली आणि माझ्यामागे उतरला. खाली ऊन होतं. हमाल ट्रकमध्ये पोती फेकत होते. वर मॅडमनी खिडकी ओढून घेतल्याचा आवाज आला. बाप गोदामाच्या भिंतीच्या सावलीत उभा राहिला, पाठ खिडकीकडे करून, आणि मी त्याच्यापासून चार हात दूर.

तेवढ्यात सायकलवर एक माणूस आला, पाय टेकवून थांबला. त्यांच्याच पाऱ्यातला, मी पत्रक वाटताना त्याच्या हातातही दिलं होतं.

"काय भाऊ, इकडे कुठे?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. दोन-तीन होती. बापाने हात जरा वर केला, माझ्याकडे न बघता, गप्प बस म्हणावं तसा.

"पोट्टीले आणलं," तो म्हणाला. "वर आहे. मॅडमकडे."

"काहून? काय झालं तिले?"

"ते तिले माहीत," बाप म्हणाला. "आम्ही पाच वाजेपर्यंत उभे आहो."